दिवा आणि झडप : सपाट चित्रपटलांच्या इतिहासाची तुलनात्मक चिकित्सा

दूरचित्रवाणी संचातील फुगीर काचनळी जाऊन तिच्या जागी भिंतीलगतची सपाट पाटी आली, हे स्थित्यंतर घडून फार काळ लोटलेला नाही. १९९७ च्या सुमारास मोठ्या सपाट पटलाचा संच ही धनिकांच्या दिवाणखान्यातील नवलाची वस्तू होती. २००७ च्या अखेरीस जगभर विक्रीस निघालेल्या द्रव-स्फटिक संचांची संख्या नळीच्या संचांहून अधिक झाली. इतक्या अल्प अवधीत एक जुनी यंत्रपरंपरा मागे पडल्यावर तिच्या वारसांचा इतिहासही घाईघाईने लिहिला जावा, हे स्वाभाविक होय. त्या इतिहासाचा रूढ सारांश असा की, अनेक पद्धती स्पर्धेत उतरल्या, त्यांतील सर्वांत चांगली टिकली व उरलेल्या नाहीशा झाल्या. सारांश सोयीचा आहे. पण पुराव्याच्या कसोटीस तो उतरत नाही. जी पद्धती जिंकली ती चित्राच्या गुणाने स्पर्धेतील सर्वांत चांगली नव्हती. आणि ज्या कारणांनी ती जिंकली त्यांचा चित्राच्या गुणाशी असलेला संबंध पुष्कळसा दूरचा होता.

तुलना करू जाणाऱ्यास पहिला अडथळा होतो तो नावांचा. बाजारात ‘एलसीडी’, ‘प्लाझ्मा’, ‘एलईडी’, ‘ओएलईडी’, ‘क्यूएलईडी’ अशी नावांची माळच आढळते आणि या सर्व एकाच पातळीवरील जाती असाव्यात, असा समज होतो. वस्तुतः ‘एलईडी’ म्हणून विकला जाणारा संच हा बहुधा द्रव-स्फटिकाचाच संच असतो. पटलामागे पूर्वी ज्या बारीक प्रकाशनळ्या असत त्यांच्या जागी प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थांचे दिवे बसविलेले असतात, इतकाच फरक. ‘क्यूएलईडी’ हे नाव सॅमसंग कंपनीने २०१७ साली रूढ केले. त्या संचांतही पटल द्रव-स्फटिकाचेच. मागील निळ्या प्रकाशाचा काही भाग अतिसूक्ष्म अर्धसंवाहक कणांच्या साहाय्याने शुद्ध तांबड्या व हिरव्या प्रकाशात बदललेला असतो. रोमन लिपीत ‘ओ’ आणि ‘क्यू’ या अक्षरांत एका शेपटीचेच अंतर आहे, ही गोष्ट नाव ठेवणाऱ्यांच्या ध्यानात आली नसेल असे मानणे कठीण आहे. मराठी बोलण्यात तर ‘एलईडी’ हा शब्द आता कोणत्याही सपाट संचास सर्रास लावला जातो. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून तो चांगला आहे. वर्गीकरणाचे साधन म्हणून निरुपयोगी आहे.

वर्गीकरण करावयाचे ते एका साध्या प्रश्नाच्या आधारे करावे : चित्रातील प्रत्येक बिंदूचा प्रकाश कोठे उत्पन्न होतो? काही पटलांत प्रत्येक बिंदू हा स्वतःच एक लहानसा दिवा असतो. तो पेटतो, विझतो, मंद होतो. प्लाझ्मा आणि कार्बनी द्विप्रस्थांचे पटल, म्हणजेच ‘ओएलईडी’, ही या वर्गातील. दुसऱ्या वर्गात प्रकाश मागे एकत्र उत्पन्न होतो आणि प्रत्येक बिंदू ही त्याच्या वाटेवरील एक झडप असते. ती उघडली तर प्रकाश पुढे येतो, मिटली तर अडतो. द्रव-स्फटिक पटल, मग त्यास कोणतेही नाव दिलेले असो, या वर्गात मोडते. दिवा विझला की काळोख होतो, परंतु मिटलेल्या झडपेच्या फटींतून थोडाफार प्रकाश झिरपतोच. तेव्हा काळ्या रंगाच्या खरेपणात झडपेने दिव्याची बरोबरी करणे मूळातच अवघड. शिवाय मागच्या प्रकाशापैकी शेकडा ५ ते १० एवढाच भाग प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. उरलेला ध्रुवकांत व रंगाच्या गाळण्यांत नाहीसा होतो. असे असूनही झडप जिंकली.

नळीच्या संचात ही अडचणच नव्हती. कार्ल फेर्डिनांड ब्राउन याने १८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे जी ऋणकिरण नलिका सिद्ध केली, तिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत हव्या त्या ठिकाणी वळविता येतो. पुढे रंगीत नळीत असे तीन झोत आले, तरी तत्त्व तेच : मोजक्या लेखण्यांनी सारे पान ओळीमागून ओळ लिहून काढावयाचे. त्यासाठी नळीस खोली हवी, आणि पटल रुंद करावे तसतशी काच जाड व जड होत जाते. सपाट पटलाने ही खोली टाकली, पण तिच्याबरोबर लेखणीही टाकली. आता प्रत्येक बिंदूस स्वतंत्रपणे आज्ञा द्यावयाची. १,९२० स्तंभ आणि १,०८० ओळी असलेल्या पटलात २०,७३,६०० बिंदू होतात. प्रत्येकाचे तीन रंग धरले तर ६२,२०,८००. इतक्या तारा जोडणे अशक्य. म्हणून उभ्या-आडव्या तारांची जाळी करून त्यांच्या छेदबिंदूवर आज्ञा पोहोचवावी लागते. परंतु ज्या ओळीस वा स्तंभास विद्युत् दाब द्यावा, तीवरील इतर बिंदूंनाही त्याचा अर्धा वाटा मिळतो. अर्ध्या आज्ञेने जो मुळीच हलत नाही आणि पूर्ण आज्ञेने निश्चित हलतो, असा बिंदू हवा. सपाट पटलाचा सारा इतिहास या एका अटीभोवती फिरत राहिला आहे.

ही अट प्लाझ्माने जन्मतःच पुरी केली होती. इलिनॉय विद्यापीठात अर्बाना येथे डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी जुलै १९६४ मध्ये प्लाझ्मा पटलाची पहिली घटिका पेटविली. त्यांस दूरचित्रवाणीचा संच करावयाचाच नव्हता. संगणकाद्वारे शिकविण्याची ‘प्लेटो’ नावाची योजना तेथे चालू होती आणि विद्यार्थ्यासमोर ठेवण्याजोगे स्वस्त, स्थिर पटल तीस हवे होते. दोन काचांच्या मधील बारीक फटीत निऑनसारखा वायू भरावयाचा; विद्युत् दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की वायू आयनित होऊन चमकतो, मर्यादेखाली तो संपूर्ण अंधारा राहतो. एवढेच नव्हे, तर एकदा पेटलेल्या घटिकेच्या भिंतीवर विद्युत् भार साठतो व पुढे कमी दाबानेही ती पेटतीच राहते. म्हणजे पटल स्वतःच चित्र ध्यानात ठेवते. संगणकाची स्मृती अत्यंत महाग असण्याच्या त्या काळी या गुणाचे मोल फार होते. १९७२ च्या सुमारास ‘प्लेटो’च्या चौथ्या आवृत्तीबरोबर ५१२ बाय ५१२ बिंदूंची नारिंगी प्रकाशाची पटले प्रत्यक्ष वापरात आली.

‘प्लाझ्मा’ या संज्ञेविषयी येथे थोडे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आयनित वायूस हे नाव अर्व्हिंग लँगम्यूर याने १९२८ साली दिले. रक्तातील द्रव भागासाठी तो शब्द वैद्यकात आधीच रूढ होता. मराठीत त्यास ‘आयनद्रायू’ असा प्रतिशब्द घडविण्यात आला. ‘द्रव’ आणि ‘वायू’ यांच्या संयोगातून ‘द्रायू’ हा शब्द सिद्ध करण्याची कल्पना खरोखर चतुर होती, आणि अर्थाच्या दृष्टीने तो मूळ शब्दाहून नेमका आहे. दुकानात मात्र तो कधी पोहोचला नाही.

प्लाझ्माचा हाच गुण पुढे त्याच्या वाटेत आला. ज्या घटिकेस केवळ पेटणे व विझणे ठाऊक, तिजकडून मुखावरील छायेच्या शेकडो पायऱ्या कशा काढून घ्यावयाच्या? अक्षरांसाठी हा प्रश्न उद्भवत नाही. चित्रासाठी तोच मुख्य. जपानमध्ये फुजित्सु कंपनीत शिनोदा त्सुताए यांनी त्यास उत्तर शोधले ते काळाच्या विभागणीचे. चित्राच्या एका क्षणाचे अनेक लहानमोठे तुकडे पाडून, त्यांतील काहींत घटिका पेटवून व काहींत विझवून, डोळ्यास मधली छटा भासवावयाची. झेनॉनमिश्रित वायूतून निघणाऱ्या जंबुपार किरणांनी तांबडे, हिरवे व निळे फॉस्फर उजळवून रंगही आले. १९९२ साली २१ इंची रंगीत पटल व त्याच दशकाच्या मध्यास ४२ इंची पटल अशी ही प्रगती झाली. दरम्यान अमेरिकेत लॅरी वेबर यांनी घटिकांत प्रत्येक वेळी वाया जाणारी विद्युत् ऊर्जा परत मिळविण्याचे मंडल तयार केले. त्यांची प्लाझ्माको ही संस्था १९९६ साली माट्सुशिता कंपनीने विकत घेतली.

द्रव-स्फटिकाची कुळकथा याहून जुनी आणि अधिक वळणाची आहे. प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यास १८८८ साली कोलेस्टेरिल बेंझोएट या पदार्थाचे दोन वितळबिंदू आढळले : १४५.५° सेल्सिअस तापमानास घन पदार्थ वितळून गढूळ द्रव होई आणि १७८.५° तापमानास तो द्रव एकाएकी स्वच्छ होई. त्याने हा पदार्थ ओटो लेहमान या भौतिकीविदाकडे पाठविला. गढूळ अवस्थेत पदार्थ वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा, असे दिसून आल्यावर लेहमान याने ‘वाहते स्फटिक’ व पुढे ‘द्रव स्फटिक’ अशी नावे योजिली. नावातच वदतोव्याघात, गुस्टाफ टामान यांच्यासारख्या मान्यवरांनी हे नुसते मिश्रण आहे, अशी शंका दीर्घकाळ कायम ठेवली. १९२२ साली झॉर्झ फ्रीडेल याने या अवस्थांचे वर्गीकरण करून ग्रीक धातूंवरून नावे दिली. त्यांपैकी ‘नेमॅटिक’ म्हणजे धाग्यासारखा हाच प्रकार पुढे उपयोगी पडला. भारतात या विषयाचे महत्त्वाचे काम बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत झाले. सिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली चकतीच्या आकाराच्या रेणूंपासून बनणारा द्रव-स्फटिकांचा एक नवा वर्गच उजेडात आणला. तो पटलांच्या मुख्य प्रवाहाबाहेरचा असला, तरी मूळ विज्ञानातील त्याचे स्थान पक्के आहे.

रायनिट्झरपासून अर्धशतकाहून अधिक काळ या पदार्थांस प्रयोगशाळेबाहेर काही काम नव्हते. ते दिले अमेरिकेतील आर.सी.ए. या कंपनीच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेने. रिचर्ड विल्यम्स यांनी १९६२ साली विद्युत् क्षेत्रात नेमॅटिक द्रवात उमटणाऱ्या आकृती पाहिल्या; जॉर्ज हाइलमायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ पासून त्यावर पटलाची कल्पना उभारली आणि मे १९६८ मध्ये कंपनीने ती वृत्तपत्रांपुढे मांडली. भिंतीवर टांगण्याचा संच आता आला, असाच त्या वेळी सर्वांचा ग्रह झाला. प्रत्यक्षात कंपनीचा उत्साह लवकरच ओसरला. ज्या कंपनीचे उत्पन्न रंगीत नळ्यांवर अवलंबून, तिने नळीचा वारस आपल्याच घरात वाढवावा, ही अपेक्षा कदाचित् अवाजवी होती.

यानंतरचा इतिहास एका जागेचा राहत नाही, आणि हेच त्याचे मर्म आहे. आर.सी.ए. सोडून बाझेल येथील हॉफमन-ला रोश या औषध कंपनीत गेलेले वोल्फगांग हेल्फ्रिख व त्यांचे सहकारी मार्टिन शाट यांनी डिसेंबर १९७० मध्ये, आणि अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनी त्यानंतर काही महिन्यांनी, पीळदार नेमॅटिक घटिकेच्या एकस्वासाठी अर्ज केले. दोन काचांमध्ये रेणूंची रांग पाव वळसा पिळलेली ठेवावयाची. त्या पिळाबरोबर ध्रुवित प्रकाशही वळतो व दुसऱ्या ध्रुवकातून बाहेर पडतो. थोडा दाब दिला की पीळ सुटतो आणि प्रकाश अडतो. वीज जवळजवळ खर्चच होत नाही. पण तत्कालीन द्रव टिकाऊ नव्हते. ती उणीव इंग्लंडमधील हल विद्यापीठाचे रसायनज्ञ जॉर्ज ग्रे यांनी १९७३ साली सायनोबायफेनिल वर्गातील स्थिर पदार्थ तयार करून भरून काढली. जपानमध्ये शार्प कंपनीचे वादा तोमिओ यांना आर.सी.ए.च्या पटलाची वार्ता लागली ती चक्क दूरचित्रवाणीवरील एका माहितीपटातून; त्यांच्या खटपटीतून १९७३ साली द्रव-स्फटिक पटलाचे पहिले गणकयंत्र बाजारात आले.

आता उरली ती नेमक्या आज्ञेची अट. नेमॅटिक द्रव अर्ध्या आज्ञेनेही थोडासा हलतो. त्यामुळे ओळी वाढविल्या की चित्र फिकट व धूसर होते. प्लाझ्मास जे निसर्गतः मिळाले ते येथे बाहेरून आणावे लागले. प्रत्येक बिंदूच्या कोपऱ्यात एक ट्रान्झिस्टर द्वारपालासारखा बसवावयाचा, हा विचार आर.सी.ए.मध्येच बर्नार्ड लेचनर यांनी मांडला होता. तो प्रत्यक्षात उतरविला पिट्सबर्ग येथे वेस्टिंगहाऊस कंपनीत पीटर ब्रोडी यांच्या गटाने, १९७४ च्या सुमारास, कॅडमियम सेलेनाइडाच्या पातळ थराने. ‘क्रियाशील जाळी’ या अर्थाची आजची इंग्रजी संज्ञा ब्रोडी यांचीच. १९७९ साली कंपनीने हे काम बंद केले. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील डंडी येथे पीटर लिकोंबर आणि वॉल्टर स्पिअर यांनी अस्फटिकी सिलिकॉनाचा ट्रान्झिस्टर सिद्ध केला. तो मंद होता, पण मोठ्या काचेवर कमी तापमानास पसरता येत असे. आणि पटलास तेवढेच हवे होते. १९८८ साली शार्पने १४ इंची रंगीत पटल दाखविले, तेव्हा शोधकार्याचा मुख्य भाग पुरा झाला होता.

या दोन वंशावळी शेजारी ठेवून पाहिल्या की एक भेद उघड होतो. प्लाझ्मात प्रकाश देणे, आज्ञा ओळखणे आणि चित्र लक्षात ठेवणे ही तिन्ही कामे एकच घटिका करते. तिच्या अंगी दोष निघाला तर तो एकाच ठिकाणी, वायूच्या त्या सूक्ष्म ठिणगीत, दुरुस्त करावा लागतो. आणि एका अंगाने दुरुस्ती करावी तर दुसरे अंग बिघडते. द्रव-स्फटिक पटलात हीच कामे निरनिराळ्या भागांत वाटली गेली आहेत : प्रकाश मागच्या दिव्याकडे, आज्ञा ट्रान्झिस्टराकडे, अडविण्याचे काम द्रवाकडे, रंग गाळणीकडे. प्रत्येक भागाचे दोष वेगळे आणि दुरुस्त करणारेही वेगळे. बाजूने पाहिल्यास रंग पालटतात ही तक्रार हिताची कंपनीने १९९० नंतरच्या दशकात रेणूंना काचेस समांतर फिरविण्याच्या रचनेने, व फुजित्सुने निराळ्या मार्गाने, पुष्कळशी दूर केली. काजळी पेटत्या वातीवरच धरते, खिडकीचे तावदान मात्र वेगळे काढून पुसता येते, तसाच हा प्रकार. शिवाय झडपेस लहानपणीच कमाई होती. मनगटी घड्याळे, गणकयंत्रे आणि मांडीवरचे संगणक यांनी द्रव-स्फटिकाचे कारखाने पंचवीस वर्षे पोसले. प्लाझ्माच्या घटिका फार लहान करता येत नसल्याने ते क्षेत्र त्यास बंदच होते. त्यास एकदम मोठ्या पटलाच्या बाजारातच उतरावे लागले.

तथापि २००० साली निकाल लागलेला नव्हता. तीस इंचांखाली द्रव-स्फटिक व चाळीस इंचांवर प्लाझ्मा, अशी वाटणी बहुतेक जाणकार गृहीत धरीत. शार्पचे अध्यक्ष माचिदा कात्सुहिको यांनी १९९८ साली, २००५ पर्यंत जपानमधील आपले सर्व संच द्रव-स्फटिकाचे करू, असे जाहीर केले ते धाडसच मानले गेले. ही वाटणी मोडली ती काचेच्या आकाराने. एका मोठ्या काचेवर अनेक पटले एकदम घडवून मग ती कापावयाची, ही या उद्योगाची रीत. काच जितकी मोठी तितके पटल स्वस्त. शार्पच्या कामेयामा येथील कारखान्यात २००४ साली १,५०० बाय १,८०० मिलिमीटरची काच वापरली गेली. साकाई येथे २००९ साली ती २,८८० बाय ३,१३० मिलिमीटरवर पोहोचली. कोरिया व तैवान येथील कारखानेही याच शर्यतीत होते. त्यातच चित्रातील बिंदूंची संख्या वाढत गेली. घटिका बारीक झाली की ठिणगीची ऊर्जा तिच्या भिंतींतच अधिक गमावली जाते, म्हणून प्लाझ्मास प्रत्येक वाढीव ओळीची किंमत विजेत मोजावी लागली. कॅलिफोर्निया राज्याने २००९ साली संचांच्या वीजवापरावर मर्यादा घालणारे नियम मंजूर केले. त्यांचा जाच कोणास अधिक होणार, हे उघड होते.

या काळाच्या अभ्यासकाने साधनांविषयी विशेष सावध राहावे. कंपन्यांच्या पत्रकांत उजेड-अंधाराच्या प्रमाणाचे जे प्रचंड आकडे आढळतात, ते पुष्कळदा एकाच चित्रातील उजेड व अंधार यांची तुलना नसून, संपूर्ण पांढरे पटल आणि दिवा मंदावलेले संपूर्ण काळे पटल यांची असते. तो आकडा मोजमापाचा असेल, पण पाहण्याचा नव्हे. दुकानातील साक्षही अशीच फसवी. लख्ख दिव्यांखाली प्लाझ्माचा काळा रंग काचेवरील प्रतिबिंबाने करडा दिसे आणि द्रव-स्फटिकाची प्रखरता उठून दिसे. घरातील मंद उजेडात हा निर्णय उलटला असता. २००७ साली पायोनियर कंपनीने आपल्या प्लाझ्मा संचास ‘कुरो’ म्हणजे ‘काळा’ हे जपानी नाव दिले, त्यात हा सारा वाद एका शब्दात सामावला आहे. चित्राच्या जाणकारांनी त्या संचाची मुक्तकंठाने वाखाणणी केली. फेब्रुवारी २००९ मध्ये पायोनियरने दूरचित्रवाणीचा व्यवसाय सोडत असल्याचे घोषित केले. पॅनासॉनिकचे प्लाझ्मा उत्पादन २०१३ च्या अखेरीस थांबले; सॅमसंग व एल.जी. यांचे पुढील वर्षी.

दिव्याचा पक्ष येथेच संपला असता, तर ‘झडप जिंकली’ एवढ्यावर भागले असते. तसे झाले नाही. अँथ्रासीन या कार्बनी स्फटिकातून विद्युत् दाबाने प्रकाश निघतो हे मार्टिन पोप यांनी १९६३ साली न्यूयॉर्क येथे दाखविले होते. पण त्यास शेकडो व्होल्ट लागत. कोडॅक कंपनीतील चिंग टांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली दोन अतिपातळ कार्बनी थर एकावर एक चढवून १० व्होल्टांच्या आत तो मिळविला. सोनीने २००७ साली ११ इंची संच विक्रीस काढला. पटलाची जाडी ३ मिलिमीटर, किंमत २ लाख येन. या दिव्यांस स्वतःची स्मृती वा उंबरठ्याची शिस्त नाही. ती त्यांनी घेतली ती झडपेच्याच घरून. काचेवरील ट्रान्झिस्टरांची जाळी, जी द्रव-स्फटिकासाठी घडली, तीच येथे कामास आली. मात्र येथे अखंड प्रवाह पुरवावा लागत असल्याने अस्फटिकी सिलिकॉन अपुरे पडले, आणि २००४ साली टोकियो येथे होसोनो हिदेओ यांच्या गटाने दाखविलेल्या धातु-ऑक्साइडांच्या ट्रान्झिस्टरांनी मोठ्या पटलांचा मार्ग मोकळा केला. कोडॅकचा हा व्यवसाय २००९ साली एल.जी.ने घेतला व २०१३ च्या आरंभी ५५ इंची संच कोरियात विक्रीस आणला. त्यात तांबडे, हिरवे व निळे असे वेगळे दिवे नाहीत. पांढरा दिवा आणि पुढे रंगाची गाळणी, ही झडपेचीच जुनी युक्ती. सॅमसंगने २०२२ पासून निळा कार्बनी दिवा व सूक्ष्म अर्धसंवाहक कण यांची सांगड घातली.

उलटपक्षी झडपेनेही दिव्याकडून उसने घेतले. मागचा प्रकाश एकसंध न ठेवता त्याचे शेकडो, आता हजारो, स्वतंत्र भाग करून चित्राच्या अंधाऱ्या भागामागील दिवे मंद करावयाचे, ही रीत रूढ झाली आहे. भाग जितके वाढतील तितकी झडप दिव्याच्या जवळ सरकते. तेव्हा वर मांडलेले द्विविध वर्गीकरणही पुढे किती काळ पुरे पडेल, हा प्रश्न आहे. इतिहासासाठी ते उपयोगी आहे, कारण या देवाणघेवाणीत कोणी कोणाकडून काय घेतले ते त्याशिवाय कळत नाही.

ज्या संस्थांनी हे शोध लावले त्यांपैकी आर.सी.ए. आणि मूळची वेस्टिंगहाऊस आज स्वतंत्र कंपन्या म्हणून अस्तित्वात नाहीत. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. शार्पची मालकी २०१६ साली तैवानच्या होन हाइ कंपनीकडे गेली. साकाई येथील तो प्रचंड काचेचा कारखाना दूरचित्रवाणी पटलांचे उत्पादन २०२४ साली थांबवून बंद झाला.